एक आणा कोणाचा?

मागच्या महिन्यात मोहल्ल्यातली पाच-सहा मुलं रात्री इशानंतर घरी आली. नगरपालिकेला निवेदन द्यायचं होतं. "सर, तुमचं मराठी चांगलं आहे, जरा लिहून द्या." हे वाक्य मला नवीन नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे गल्लीतले सगळे अर्ज येतात. रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करण्यापासून ते विजेच्या बिलाच्या तक्रारीपर्यंत. मी सही करू शकत नाही, पण लिहून द्यायला कोणाची मनाई नाही.

मुलांनी मागण्यांची यादी आणली होती. गटारावर झाकणं. पथदिवे. कब्रस्तानची संरक्षक भिंत. शादीखाना. चौकातल्या कमानीची डागडुजी. अशा सात झाल्यावर आठवी मागणी होती, 'उर्दू शाळेकडे लक्ष द्यावे'. नववी, 'बेरोजगारांना रोजगार द्यावा'. संपलं. काय लक्ष द्यावं, किती वर्ग कमी आहेत, किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, कुठल्या खात्यातून पैसे द्यावेत, काही नाही. भिंतीची लांबी मात्र फुटात लिहिली होती.

मी एकाला म्हटलं, तुझ्या अब्बांचं घरपट्टीचं बिल घेऊन ये. तो घेऊन आला. त्यात एक ओळ होती, 'शिक्षण कर'. राज्य सरकारच्या १९६२ च्या कायद्याने हा कर बसवला आहे. वसुली नगरपालिका करते, रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. मुलांपैकी एकानेही ती ओळ आजवर वाचली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांच्या अब्बांनीही वाचली नसावी. आकडा बघायचा, पैसे भरायचे, पावती ट्रंकेत टाकायची.

त्या रात्री निवेदन लिहून झालं नाही. मुलांना आठवडाभराने यायला सांगितलं आणि मी मनाने एका जुन्या साली जाऊन पोहोचलो. ते साल १८८२. शाळेसाठी सरकारकडे आणि नगरपालिकेकडे पैसे मागायचे म्हणजे काय, हे त्या वर्षी आपल्याच इलाख्यातल्या दोन माणसांनी लिहून ठेवलं आहे. एक पुण्याचे, एक मुंबईचे. एक माळी, एक बोहरा. एकाच आयोगापुढे. दोघांना एकत्र वाचण्याची आपल्याला सवय नाही. जोतीराव एका कप्प्यात आणि बद्रुद्दीन तय्यबजी दुसऱ्या कप्प्यात, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

आधी पैशाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही.

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर एक जादा पट्टी सुरू झाली. रुपयाला एक आणा. तिला लोकल फंड म्हणत, आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्कं रूप मिळालं. साऱ्याचा एक रुपया भरणाऱ्या शेतकऱ्याने वर एक आणा द्यायचा. या पैशातले दोन हिस्से रस्त्यांना आणि तत्सम कामांना, एक हिस्सा शाळांना. हिशेब करून बघा. वर्षाला सोळा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याकडून एक रुपया लोकल फंड गोळा व्हायचा, आणि त्यातले पाच आणे चार पै शिक्षणाच्या नावावर पडायचे. हा आणा धर्म बघून घेतला जात नव्हता. कोकणातला मुसलमान खोत, देशावरचा मुलाणी किंवा शेख कुळवाडी, सगळे तोच आणा भरत होते. महार-मांगांच्या वतनी जमिनींचा प्रश्न निराळा होता, पण रस्ता आणि शाळा ज्या रयतेच्या घामातून उभ्या राहत होत्या, त्या रयतेत सगळे होते.

प्रश्न असा होता, की या पाच आणे चार पैंतून उभ्या राहिलेल्या शाळेत बसतं कोण?

फेब्रुवारी १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष विल्यम विल्सन हंटर. हेच ते हंटर, ज्यांनी १८७१ साली भारतातल्या मुसलमानांवर पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव सगळ्या भारताचं, पण मजकूर मुख्यतः बंगालचा. आपल्याकडे आजही काही वक्ते त्या पुस्तकाच्या आधारे महाराष्ट्रातल्या मुसलमानांची अवस्था सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते. बंगालात जमीनदारी आणि नोकऱ्या गेलेला एक उच्च वर्ग होता. मुंबई इलाख्यात खोजे, बोहरे, मेमन आणि कोकणी व्यापारी होते, आणि गावोगाव बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मुलाणी, मोमीन विणकर होते. यांच्या हातून राज्य गेलं नव्हतं, कारण राज्य यांच्या हातात कधी नव्हतंच.

त्याच वर्षी मे महिन्यात रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. म्हणजे एकीकडे शिक्षणाची चौकशी आणि दुसरीकडे नगरपालिका व लोकल बोर्डांत लोकांचे प्रतिनिधी घेण्याची भाषा, असा तो योग होता. शाळा कोणी चालवायच्या, पैसा कोणी द्यायचा आणि त्यावर देखरेख कोणाची, हे तिन्ही प्रश्न एकदम टेबलावर आले.

पुण्याहून १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुल्यांचं निवेदन आयोगाकडे गेलं. फुले तेव्हा नुसते सुधारक नव्हते. ते १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेचा पैसा कसा वाहतो हे त्यांनी आतून पाहिलं होतं. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. फुल्यांचं म्हणणं पडलं, की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. मतं पडली तेव्हा विरोधात एकच हात होता, त्यांचा. मंडईची मोठी इमारत बांधायचं निघालं तेव्हाही त्यांचा आक्षेप हाच, की आधी शाळा. मंडई झालीच. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. पुण्यात भाजी घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

तर अशा माणसाने लिहिलेलं हे निवेदन आहे. त्यात भावनेचा जोर आहे, पण त्याहून जास्त हिशेब आहे. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा मुख्य मुद्दा. मग एकेक सूचना. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. शिकवायचं काय? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील. त्यांना पगार बरा द्या.

आणि नगरपालिकांबद्दल? मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, आणि हे वाटल्यास कायद्याने बंधनकारक करावं. पण, आणि हे 'पण' फार महत्त्वाचं आहे, शाळांचा कारभार सगळा त्यांच्या हवाली करू नये. देखरेख शिक्षण खात्याचीच हवी. लोकल कमिट्यांवर पाटील, इनामदार, सरदार बसतात, त्यांच्यातले बरेच स्वतःच शिकलेले नाहीत, ते या पैशाचा काय विनियोग करणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. शहाणी माणसं कमिटीवर आली तर पैसा खुशाल त्यांच्या हाती द्या, हेही त्यांनी म्हटलं.

याच निवेदनात एक छोटासा उल्लेख आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलो होतो. फुले म्हणतात, की मुसलमानही या शाळांपासून दूरच राहतात, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही, आणि त्यांच्या भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळा मोजक्याच आहेत. त्याला लागूनच महार-मांगांच्या मुलांना जातीच्या अटकावामुळे शाळेत शिरताच येत नाही, हे येतं. एक समाज बाहेर ठेवलेला, दुसरा बाहेर राहिलेला. फुल्यांना दोन्ही दिसले.

'आवड दिसत नाही' यावर मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. ते पुढे सांगतो.

आता मुंबई. बद्रुद्दीन तय्यबजी १८४४ चे. वडील तय्यब अली, खंबायतकडून आलेले सुलेमानी बोहरा व्यापारी. बद्रुद्दीन एल्फिन्स्टनमध्ये शिकले, विलायतेला गेले, १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. १८७० नंतर मुंबईत करदात्यांनी नगरपालिकेत प्रतिनिधित्व मिळावं म्हणून चळवळ केली, त्यात तय्यबजी होते. १८७२ च्या कायद्याने ठरावीक रकमेचा कर भरणाऱ्यांना मतं मिळाली आणि १८७३ साली ते निवडून नगरपालिकेत गेले. म्हणजे 'आम्ही कर भरतो, म्हणून आम्हाला विचारा' ही भाषा त्यांनी आधी नगरपालिकेच्या राजकारणात गिरवली होती. दुसरी गोष्ट, १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम. बद्रुद्दीन, त्यांचे सॉलिसिटर बंधू कमरुद्दीन आणि कोकणी जमातीतले जहाजमालक मोहम्मद अली रोगे अशी मंडळी तिच्यामागे उभी राहिली. नाखुदा रोगे हे नाव आज कोकणातल्या मुलांनाही माहीत नाही. समुद्रावर कमावलेला पैसा शाळेत घालणारा हा माणूस होता. १८८० साली शाळा सुरू झाली आणि तिला सरकारी अनुदानाचा आधार मिळाला.

दोनच वर्षांनी आयोग आला. तय्यबजींची साक्ष मला आवडते ती एका कारणासाठी. ते फक्त सरकारकडे बोट दाखवत नाहीत. गतवैभवाचा पोकळ अभिमान, इंग्रजी शिक्षणाने धर्म जाईल ही भीती, व्यापाऱ्यांची 'दुकान चालतंय ना, मग शाळा कशाला' ही वृत्ती, हे सगळं ते स्वतःच्या लोकांबद्दल आयोगापुढे बोलले. आणि मग तितक्याच ठामपणे म्हणाले, की सरकारनेही आमच्याकडे दुर्लक्ष केलं. आमच्या मुलांना समजेल अशा भाषेतून, हिंदुस्थानीतून, शिकवणाऱ्या शाळा सार्वजनिक पैशातून निघाल्याच नाहीत.

कोलकात्याहून सय्यद अमीर अली यांच्या नॅशनल मोहमेडन असोसिएशनचाही मोठा अर्ज त्याच वर्षी रिपन यांच्याकडे गेला होता आणि तो आयोगाकडे पाठवण्यात आला. त्यात भर सरकारी नोकऱ्यांवर जास्त. तय्यबजींच्या म्हणण्यात भर शाळांवर. मला हा फरक बंगाल आणि मुंबई यांच्यातला फरक वाटतो.

१८८३ साली अहवाल आला. प्राथमिक शिक्षणाचा लोकल फंडातल्या शिक्षणाच्या रकमेवर जवळजवळ संपूर्ण हक्क आहे, हे आयोगाने मान्य केलं. नगरपालिका आणि बोर्डांनी शाळांचा निधी वेगळा ठेवावा. खेड्याचा पैसा शहराच्या शाळांवर उधळला जाऊ नये म्हणून हिशेब निराळे ठेवावेत. यात फुल्यांच्या तक्रारीचा प्रतिध्वनी ऐकू येतो, जरी सक्तीचं शिक्षण वगैरे आयोगाने काही मनावर घेतलं नाही.

मुसलमानांविषयी अहवालात स्वतंत्र शिफारशी आहेत. त्यातली पहिली मी शाळेत अनेकदा फळ्यावर लिहिली आहे. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देणं हा लोकल, नगरपालिका आणि प्रांतिक या तिन्ही निधींवरचा रास्त बोजा मानावा. शब्द नीट बघा. दान नाही, मेहरबानी नाही. रास्त बोजा. म्हणजे हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहायची बाब. शिष्यवृत्त्या, नादारी, मुसलमान शिक्षकांसाठी प्रशिक्षण वर्ग, तपासणी अधिकाऱ्यांत मुसलमान, शिकलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत योग्य वाटा, आणि अंजुमनसारख्या संस्थांना मान्यता, हे सगळं त्या यादीत आहे.

भाषेच्या शिफारशी मात्र जरा सावकाश वाचायला हव्यात. मुसलमानांच्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मुख्य माध्यम हिंदुस्थानी असावं, जिथल्या लोकांना दुसरी भाषा हवी असेल ती ठिकाणं सोडून. आणि जिथे प्रांताची राजभाषा हिंदुस्थानी नाही, तिथे ती प्रांतभाषा ऐच्छिक विषय म्हणून ठेवावी, आणि अंकगणित व हिशेब त्या प्रांतभाषेतून शिकवावेत.

म्हणजे आपल्याकडे, उर्दू शाळेत गणित मराठीतून!

१४० वर्षांपूर्वीचा कोणी साहेब हे लिहून गेला. मला वाटतं, त्या अहवालातलं मुसलमानांविषयीचं सर्वांत व्यवहारी वाक्य हेच होतं. बाजार मराठीत चालतो, सावकाराची वही मोडीत असते, तलाठ्याचा दाखला मराठीत असतो. मुलाला दीन आणि अदब आपल्या भाषेतून समजू दे, पण पैशाची भाषा त्याला आली पाहिजे. शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालायची म्हणजे दुसरं काय? त्या काळी मुंबईकरांनाही ते सुचत होतं. १८८४ साली रिपन गेले, तेव्हा लोकांनी त्यांच्या स्मारकासाठी निधी जमवला आणि तो तांत्रिक शिक्षणाकडे वळवला. १८८७ च्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या पायात तो पैसा आहे.

पण 'ऐच्छिक' या शब्दाने घात केला. ऐच्छिक म्हणजे नाही, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

इथे तय्यबजींशी माझा वाद आहे, अदबीने. त्यांच्या घरची मूळ भाषा गुजराती. या घराण्याने पुढे ठरवून उर्दू आपलीशी केली. मुंबईच्या बहुभाषिक मुसलमानांना एका छत्राखाली आणायचं तर एक सामायिक भाषा हवी, हा विचार मला समजतो. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची तर ती बोलीच होती, त्यांच्या मुलांना उर्दू शाळा हवीच होती. पण रोगे ज्या कोकणी जमातीतले, तिच्या घरातली बोली मराठीचीच बहीण. देशावरचा मुलाणी आणि तांबोळी बाजारात, शेतात, वारीच्या वाटेवर मराठी बोलत होता. त्यांची बाजू आयोगापुढे कोणी मांडली नाही. फुल्यांना वाटलं मुसलमानांना मराठीची आवड नाही. तय्यबजींनी धरून चालले की मुसलमानांची भाषा हिंदुस्थानी. मधला जो मराठी बोलणारा मुसलमान होता तो दोघांच्याही नजरेतून निसटला. तो आणा भरत राहिला.

माझे दादा असेच होते. खेड्यातल्या लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. म्हातारपणी डोळे गेले तरी पावकी, निमकी, दीडकी आणि औटकी तोंडपाठ. केळीचा सौदा करताना औटकीचा पाढा पुटपुटत आणि भाव पक्का झाला की 'बिस्मिल्लाह' म्हणून माप हातात घेत. कुराण अरबीत वाचत, दुआ दखनीत मागत, हिशेब मराठीत करत. हंटरसाहेबाची शिफारस त्यांनी कधी वाचली नव्हती. पुढच्या पिढीत आम्ही शहरात आलो, मुलं उर्दू शाळेत गेली आणि घरातून औटकी गेली. मी स्वतः उर्दू माध्यमातला. मराठी मी बीएडच्या वर्गात, लाज वाटली म्हणून, जिद्दीने शिकलो. उर्दूने मला जे दिलं ते मी दुसऱ्या कशाशीही बदलणार नाही, पण उर्दू माध्यम आणि कच्चं मराठी हे जोडपं कोणी लावून दिलं, हा प्रश्न मला छळतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्यात प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना मदत करणं हे कलम ६१ मध्ये बंधनकारक कर्तव्यांत घातलं गेलं, ते आजही तिथेच आहे. मुंबई महापालिका आज आठ माध्यमांतून शाळा चालवते, त्यात उर्दू आहे, त्याची मुळं इथपर्यंत जातात. अंजुमनची बोरीबंदरसमोरची इमारत १८९३ साली उघडली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुसलमान मुलांचं वसतिगृह उभं केलं आणि १९१७ मध्ये संस्थानात मोफत व सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पण ते संस्थान होतं. राजाच्या मनात आलं आणि झालं. ब्रिटिश मुलखात मागावं लागत होतं.

मागणीचा सर्वांत मोठा प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. तेही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे पुन्हा नगरपालिकेचा हिशेब कळणारा माणूस. मार्च १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. ज्या नगरपालिकेला किंवा बोर्डाला हवं असेल त्यांनी सरकारच्या परवानगीने आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, त्यासाठी शिक्षणपट्टी बसवावी, खर्चाचा एक हिस्सा स्थानिक आणि दोन हिस्से सरकारचे. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. काही मुसलमान सभासद विरोधात गेले. पण मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी मोहम्मद अली जीना विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. पैसा कुठून आणायचा, ही सबब त्यांनी ऐकूनच घेतली नाही. शोधा पैसा, गरज पडली तर लोकांवर कर बसवा, असा त्यांचा सूर होता. पुढचे जीना आपल्याला माहीत आहेत आणि त्यांचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही, म्हणून हे १९१२ चे जीनाही आपण पुरून टाकले. मला त्यात शहाणपण दिसत नाही. बिहारचे मझहरुल हकही विधेयकाच्या बाजूने होते. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. मग १९२३ चा, १९४७ चा. प्रत्येक कायद्यात जुनाच प्रश्न नव्याने, पैसा कोण देणार आणि हुकूम कोणाचा चालणार.

आता परत माझ्या ओसरीवर. आठवड्याने मुलं आली. मी त्यांना फुले आणि तय्यबजी सांगितले. एकाने विचारलं, "सर, तय्यबजी तर श्रीमंत होते, त्यांनी स्वतः शाळा काढली. आपल्यात तसा कोण आहे?" प्रश्न बरोबर आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, राज्याच्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. दोन्हींच्या प्रती आमच्या कार्यकर्त्यांच्या कपाटात आहेत आणि दोन्हींमधले उतारे प्रत्येक जलशात वाचले जातात. केंद्राच्या अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांच्या योजनेत परभणी, हिंगोली, बुलडाणा, वाशीम आले तेव्हा भाषणं झाली. पण शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आमच्याकडे कोण जातं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच बनवते. स्थानिक संस्थेने आणि सरकारने अनुदान देताना तो आराखडा पायाभूत धरायचा असतो. फुल्यांनी मागितलेली 'शहाण्या माणसांची कमिटी' कायद्याने दारात आणून ठेवली आहे. मी पाहिलेल्या अनेक शाळांत तिचं रजिस्टर मुख्याध्यापक घरोघर फिरवून सह्या घेतात. हे लिहिताना माझ्याच पेशाला लाज आणतो आहे, हे मला ठाऊक आहे.

आणि कब्रस्तानची भिंत? ती मी यादीतून काढली नाही. मुलांना वाटलं होतं मी काढीन. मेलेल्यांचाही हक्क असतो, कुत्री शिरतात, भिंत हवीच. फक्त ती चौथ्यावर नेली.

वर काय घालायचं यावर दीड तास वाद झाला. शेवटी मुलं स्वतः शाळेत गेली आणि मोजून आली. सात इयत्ता, वापरण्याजोग्या खोल्या चार. मुलींची स्वच्छतागृहं दोन, एकाला कडी नाही. मराठीचा शिक्षक नाही, एक मदतीचा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतो. सातवीतल्या मुलांना मराठीतला बँकेचा फॉर्म भरायला सांगितला, तिघांना जमला. हीच मुलं उद्या पोलीस भरतीला आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसतील, प्रश्नपत्रिका मराठीत असेल, आणि मग आपण म्हणू की आमच्या पोरांना नोकऱ्या देत नाहीत. काही ठिकाणी देत नाहीत, तेही खरं आहे. पण दोन्ही खऱ्या गोष्टी एका श्वासात बोलायची हिंमत १८८२ साली तय्यबजींनी केली होती.

आठवी मागणी आता पहिली झाली आहे आणि तिचे पाच पोटभाग झाले आहेत. नववी मागणी दुसरी झाली. 'रोजगार द्यावा' हे खोडून मुलांनी लिहिलं, की शाळेच्या रिकाम्या खोलीत संध्याकाळी हिशेब, संगणक आणि मराठी अर्जलेखनाचा वर्ग नगरपालिकेने चालवावा, आणि आयटीआयला जाणाऱ्या मुलांसाठी सकाळची बस या बाजूने वळवावी. 'अर्जलेखन' हा शब्द त्यांनीच घातला. बहुधा माझ्याकडे यायचा त्यांना कंटाळा आला असावा.

व्यवस्थापन समितीची बैठक एकाने जुम्म्याच्या नमाजनंतर सुचवली, म्हणजे पुरुष सापडतील. समितीतल्या आयांना विचारलं तर त्यांनी सकाळी साडेदहा सांगितलं, नळाचं पाणी भरून झाल्यावर. साडेदहा ठरली.

निवेदन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आहे. नगरपालिकेचा अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी ते द्यायचं आहे. सुरुवात 'आम्ही अल्पसंख्याक समाजाचे लोक' अशी होती, ती मुलांनी बदलली. आता ती अशी आहे : 'आम्ही खाली सह्या करणारे या शहराचे करदाते आहोत.' सोबत घरपट्टीच्या एकेचाळीस बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, प्रत्येकीवर शिक्षण कराच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ.